सहाच्या गटातला सातवा

जांभळं आली. दादरला फूलबाजाराच्या तोंडाशी दोघीजणी पाट्या घेऊन बसल्यात. कागदाच्या पुडीत मूठभर जांभळं, वर मिठाची चिमूट. मी नेहमीप्रमाणे पलीकडच्या फुटपाथवर जायला वळले, तर मागून हाक आलीच, "घेऊन जा ताई, शुगरला चांगली." दरवर्षी हेच वाक्य. सगळ्या मुंबईतल्या जांभूळवाल्यांना ते कोण पाठ करून देतं, देव जाणे. मला दर वेळी वाटतं, थांबावं आणि सांगावं की बाई, या तुझ्या वाक्यावर मी उभा प्रबंध लिहिलाय. त्यावर माझी पदवी आहे, नोकरी आहे, आणि त्याच वाक्यापायी माझे बाबा गेले. पण भर बाजारात असं कोणी बोलतं का? मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि चालायला लागते.

नवऱ्याला सांगून ठेवलंय की जांभळांनी माझा घसा धरतो. लग्नाला दहा वर्षं झाली, तो बिचारा अजून कोणी जांभळं पुढे केली की माझ्या वतीने नको म्हणतो. बारीकसारीक खोटं बोलण्यात मी तशी जुनी आहे. कोणाचं मन मोडायला नको म्हणून बोललेलं खोटं पचतं, असा माझा एका वर्षापर्यंत ठाम समज होता.

ते वर्ष एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाचं. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच, बाबा आणि मी. आई मी बारावीत असताना गेली. बाबा आधी गिरणीत बदली कामगार होते; गिरणी मिटल्यावर ठाकूरद्वारच्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात लागले आणि तिथेच मुरले. वह्या, पावतीपुस्तकं आणि पोरांचे प्रबंध. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं. अख्ख्या मुंबईची विद्वत्ता माझ्या हाताखालून जाते, असं ते म्हणत, फक्त मधलं पान वाचायला सवड मिळत नाही. त्यांच्या बोटांना कायम खळीचा वास यायचा. माझ्या शाळेपासूनच्या सगळ्या वह्या त्यांनी उरलेल्या कागदांच्या शिवून दिल्या होत्या, आणि माझा प्रबंध आपण बांधायचा हे त्यांनी मी विषय निवडण्याच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

विषय होता जांभळाच्या बियांचा अर्क आणि मधुमेही उंदीर. बाबांना स्वतःला तेव्हा बारा वर्षांचा मधुमेह. सकाळी एक गोळी, रात्री एक गोळी आणि मधे चोरून खाल्लेला एखादा लाडू. विषय कळल्यावर ते गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि येईल-जाईल त्याला सांगत सुटले की शुभा माझ्या आजारावर औषध काढतेय. मी त्यांना दहादा म्हटलं, बाबा, औषध नाही हो, नुसती चाचणी आहे. ते म्हणाले, तेच ते.

आणि मग चाळीने ते काम अंगावर घेतलं. त्याची पुढारीण समोरची कमलमावशी. आई गेल्यावर आमच्या दोघांच्या पोटाची काळजी तिनेच वाहिली. ती खानावळ चालवायची. वीस-पंचवीस डबे रोज जिन्यावरून खाली जायचे. तिने फर्मान काढलं की यंदा चाळीत कोणी जांभळाची बी थुंकून टाकायची नाही. गॅलरीच्या टोकाला तुपाचा रिकामा डबा ठेवला, वर कोळशाने लिहिलं, 'शुभाच्या बिया'. लोक जांभळं खायचे, जिभा निळ्या करायचे आणि बिया इमानदारीने डब्यात आणून टाकायचे. ज्यांना जांभूळ आवडत नव्हतं त्यांनीही विज्ञानासाठी खाल्लं. खालच्या मजल्यावरचे एक आजोबा दात नसल्यामुळे नुसत्या बिया चघळून द्यायचे. दुपारी मावशी बिया धुऊन गॅलरीत जुन्या साडीवर वाळत घालायची, आणि ये-जा करणारी माणसं अंग चोरून कठड्याला लागून चालायची. पाऊस आला की पहिली धाव कपड्यांऐवजी त्या साडीकडे.

तुम्हाला हसू येईल, पण त्या दिवसांत मी फार सुखात होते. इतकी माणसं माझ्यासाठी जांभळं खातायत, याचा मला मनापासून अभिमान वाटायचा.

पहिली पिशवी भरली. चारेक किलो तरी असतील. बाबांनी पिशवीचं तोंड बाइंडिंगच्या दोऱ्याने शिवून दिलं आणि मी ती परळला कॉलेजात घेऊन गेले. गाईड मॅडमनी ती टेबलावर ठेवून घेतली, एक बी उचलून पाहिली आणि शांतपणे विचारलं, "झाड कुठलं?" झाडं शंभर होती. कुठली जांभळं दादरची, कुठली करी रोडच्या पुलाखालची. वनस्पती ओळखून दाखला देणार कोण, बिया किती दिवसांच्या, कशाने धुतल्या, असे प्रश्न एकामागून एक आले. शेवटी त्या म्हणाल्या, म्हणजे या लोकांच्या तोंडातल्या आहेत? त्या हसल्या, पण वाईट नाही हसल्या. त्यांनी मला समजावलं की एका झाडाच्या, तज्ज्ञाने ओळखून दाखला दिलेल्या बियाच चालतात, नाहीतर परीक्षक पहिल्याच पानावर आडवे येतात. त्यांच्या ओळखीच्या एका बागेतून तशा बिया येणार होत्या. त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. मी आज तेच शिकवते.

पिशवी घेऊन मी परळहून लालबागला चालत आले. जिना चढताना ठरवत होते की सरळ सांगून टाकायचं. वर आले तर गॅलरीत सगळी वाट बघत उभी. मावशीच्या हाताला पीठ लागलेलं, बाबा त्या दिवशी लवकर घरी आलेले. पिशवी मी जिन्याच्या वळणावर पाण्याच्या टाकीमागे ठेवून आले होते, म्हणजे माझं आधीच ठरलं होतं म्हणायचं. मावशीने विचारलं, "घेतल्यानी?" मी म्हटलं, "घेतल्या." एवढंच बोलले. बाबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. गॅलरी सामसूम झाल्यावर मी पिशवी आत आणली आणि माळ्यावर मागच्या बाजूला, जुन्या गादीखाली सारली. नंतर आणखी दोन पिशव्या तिथेच गेल्या.

आता उंदरांबद्दल. पांढरे, लाल डोळ्यांचे, दोनशे ग्रॅमच्या आसपासचे. रीतसर परवानगी काढून आणलेले. त्यांना एक इंजेक्शन द्यायचं, त्याने इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मरतात आणि तीन दिवसांत उंदीर मधुमेही होतो. मग ते पाणी पितात. इतकं पाणी पितात की रोज सकाळी बाटली रिकामी आणि पिंजऱ्यातला भुसा चिंब. किती पाणी प्यायले ते मोजायचं, वजन करायचं, बोथट सुईने तोंडावाटे अर्क पोटात सोडायचा, दर आठवड्याला शेपटीच्या टोकाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा. एका गटात सहा उंदीर. कोणता कोण ते कळावं म्हणून पिवळ्या रंगाने खूण करायची: एकाचं डोकं, एकाची पाठ, एकाची शेपटी, मग दोघांना दोन-दोन खुणा, सहावा बिनखुणेचा. हे सगळं अठ्ठावीस दिवस.

बाबांना हे रोज ऐकायचं असे. जेवताना मी सांगायची आणि ते घास हातात धरून ऐकायचे. आम्हाला परीक्षेला आलेल्या परीक्षकांनीही इतके नेमके प्रश्न विचारले नाहीत. त्यांना सगळ्यात टोचली ती गोष्ट म्हणजे एका गटाला काहीच औषध द्यायचं नसतं. मधुमेह करायचा आणि नुसतं बघत बसायचं. मी म्हटलं, तुलनेला लागतात. ते म्हणाले, त्या सहांना काय माहीत ते तुलनेला आहेत. त्या दिवशी त्यांनी भात अर्धाच खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, ज्यांना आपल्या बियांचा अर्क देतेस त्यांना गोळीही देतेस का? आपल्या बिया म्हणाले ते. मी न अडखळता पुढे बोलत गेले. गोळीचा गट वेगळा, अर्काचा गट वेगळा. दोन्ही एकत्र दिलं तर साखर कशाने उतरली ते कळणार कसं? त्यांनी मान डोलावली. त्यांना ते फार पटलं.

एकोणिसाव्या दिवशी अर्काच्या गटातला एक मेला, पाठीवर पिवळी खूण असलेला. अर्क देताना माझाच हात चुकला असावा. मला वाटलं, तो सोडून द्यावा, उरलेल्या पाचांचं लिहावं. मॅडमनी माझ्यासमोर वही ठेवली आणि त्याची ओळ पूर्ण करून घेतली. दिवस एकोणीस, मृत, कारण: देताना चूक. म्हणाल्या, मेलेला प्राणी वहीतून पुसायचा नसतो. घरी आल्यावर मी रडले, एका उंदरासाठी. बाबांनी विचारलं, आधीच एक सातवा ठेवला असतास तर? मी म्हटलं, तसं नसतं बाबा, सहाची परवानगी असते. ते म्हणाले, पण असायला हवा एक जास्तीचा.

आणि मग साखर उतरली. सरळ सांगायचं तर थोडी उतरली, गोळीच्या गटाइतकी नाही, नेहमीच्या पातळीपर्यंत तर मुळीच नाही. प्रबंधात मी ते सगळं काळजीपूर्वक लिहिलं आहे, पुढील अभ्यासाची गरज आहे हेसुद्धा. घरात मात्र मी दारातूनच ओरडले, "बाबा, उतरली." कितीवरून कितीवर, अर्क कसा काढतात, उंदीर म्हणजे माणूस नव्हे, यातलं काही त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मावशीने संपूर्ण मजल्याला शिरा केला. बाबांनी तेवढ्यापुरती साखर चालते म्हणून दोनदा घेतला.

मग माझे लिहिण्याचे दिवस सुरू झाले. आकडे, तक्ते, संदर्भ. मी सकाळी निघायची ती संध्याकाळी यायची आणि आल्यावर पुन्हा कागदांत डोकं. श्रावण संपत आला होता. बाबा थोडे वाळलेले दिसत. मला वाटलं, कारखान्यात प्रबंधांचा मोसम आहे, काम वाढलंय. उशाशी तांब्या असायचा, त्याच्या जोडीला दुसरा आला, मग पाण्याची कळशीच खाटेजवळ आली. मी ती कळशी ओलांडून कपाटाकडे जायची. चोवीस उंदरांच्या पाण्याच्या बाटल्यांवर खुणा करून मिलिलिटरमध्ये हिशेब ठेवणारी बाई मी, आणि माझ्या पायात आलेली कळशी मला दिसली नाही. हे मी स्वतःला अजून समजावू शकलेले नाही.

एका संध्याकाळी त्यांचं पाऊल पिवळं दिसलं. पुठ्ठ्याला भोकं पाडायची आरी पायावर पडली, ते म्हणाले, किरकोळ आहे, हळद लावलीय. मी कागदातून मान वर केली आणि म्हटलं, "बाबा, तुम्हालाही गट पाडून दिला वाटतं."

ते किती हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला वाटलं, मी काय छान विनोद केला.

गणपतीत त्यांना ताप चढला. पाय घोट्यापर्यंत काळानिळा झाला होता आणि ते काहीबाही बोलत होते. बाहेर दर्शनाची रांग आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलेली, टॅक्सी आत येणं शक्य नव्हतं. चाळीतल्या चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून उचललं आणि भरदुपारी त्या गर्दीतून परळच्या हॉस्पिटलपर्यंत चालत नेलं. रांगेतली माणसं बाजूला होत होती, कोणी कोणी त्यांच्याकडे बघून हात जोडत होतं. मी हातात त्यांच्या चपला धरून मागून धावत होते. मावशी माझ्यामागे.

डॉक्टरांनी साखर पाहिली आणि विचारलं, गोळ्या चालू आहेत का? मी तोंडपाठ सांगितलं, नाव, मात्रा, वेळ. सकाळची तर माझ्यासमोरच घेतात. ते म्हणाले, या गोळ्या चालू असताना हा आकडा येणार नाही. मी वाद घातला. चक्क वाद घातला, औषधशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून. विष रक्तात पसरलं होतं. पाय कापायचा की नाही यावर बोलणं होईपर्यंत वेळ निघून गेला. विसर्जनाच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा गेले.

तेरावं झाल्यावर त्यांची कामाची थैली उघडली. दोरा, सुया, मेणाचा तुकडा. खळीचा एक पत्र्याचा डबा, त्यात गोळ्या. सगळ्या त्यांच्याच, तळहातावर घेऊन माझ्यासमोर तोंडाकडे नेलेल्या आणि खिशात टाकलेल्या. आणि तळाशी एक वही. हाताने शिवलेली, काळ्या रेक्झिनची, वीतभर. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत एकच शब्द दाबलेला: सातवा.

आत पट्टीने आखलेले रकाने. माझ्याच वहीची नक्कल, फक्त मराठीत. पहिल्या पानावर लिहिलेलं, 'बिया: आपल्या चाळीच्या. गोळी: बंद.' मग दिवस, चूर्ण, पाणी, साखर. दिवस एक, चूर्ण दोन चमचे, पाणी तीन तांबे. दिवस सात, पाच तांबे. दिवस पंधरा, नऊ तांबे. एका ठिकाणी लिहिलंय, 'तहान वाढली. शुभाला आत्ताच सांगायचं नाही.' साखरेचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा आणि अगदी शेवटी, अठ्ठाविसाव्या ओळीत, 'शुभा तपासेल'. नोंदी तेविसाव्या दिवशी थांबल्या होत्या. चोविसाव्या दिवशी आम्ही त्यांना खुर्चीतून नेलं.

माझा प्रबंध त्यांच्या कारखान्यातल्या जोडीदाराने बांधून दिला. पदवी मिळाली. मी शिकवायला लागले, लग्न करून दादरला आले. इतकी वर्षं मी हे असं समजून जगले की बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी सांगितलं की चाळीच्याच बिया उंदरांना दिल्या, साखर उतरली, म्हणून त्यांनी गॅलरीतल्या डब्यात उरलेल्या बिया घेतल्या; माळ्यावरच्या पिशव्यांकडे मी पुन्हा पाहिलंच नाही. मी खरं बोलले असते तर ते वाचले असते. हे मी कोणालाही सांगितलं नाही. मावशीला तर नाहीच, कारण ती दर पावसाळ्यात फोन करते, "शुभा, बियो ठेवलंय गो," आणि मी लालबागला जाऊन तिच्याकडून धुऊन वाळवलेल्या बियांचा डबा आणते. माझ्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडतात, असं तिला सांगते. डबे आमच्या लॉफ्टवर आहेत. टाकवत नाहीत.

यंदा मागच्या आठवड्यात माझी एक विद्यार्थिनी, वरळीच्या चाळीत राहणारी, कापडी पिशवी घेऊन केबिनमध्ये आली. आईने बिया गोळा केल्यात म्हणाली, शेजाऱ्यांकडून पण. मी पिशवी उघडली आणि एक बी उचलून पाहिली. मग मी तिला सगळं नीट समजावलं, झाड, दाखला, परीक्षक. ती म्हणाली, मॅडम, मी आईला सांगू का की घेतल्या म्हणून? तिला वाईट वाटेल.

"वाटू दे," मी म्हटलं. "आजच्या आज सांग. पिशवी तिच्या हातात परत दे आणि सांग."

माझा आवाज चढला होता. पोरगी घाबरून गेली. तिच्यामागे दार लागलं आणि मला माझी लाज वाटली. दुसऱ्याच्या लेकीला एका दिवसाची मुदत देणारी मी, स्वतः मावशीसमोर बारा वर्षं डबे उचलत होते. संध्याकाळी मी घरी न जाता थेट लालबागला गेले.

मावशी आता सत्तरीच्या पुढे. खानावळ बंद झाली, गुडघे गेले, पण दारात बसून जाणाऱ्या-येणाऱ्याची उलटतपासणी चालूच असते. मला बघून तिने दारामागचा डबा ओढला. मी म्हटलं, मावशी, डबा राहू दे, आधी ऐक. आणि पहिल्यापासून सांगितलं. मॅडम, पिशवी, टाकीमागे ठेवलेली, माळ्यावर सारलेली. चाळीची एकही बी कॉलेजात गेली नाही. मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलले आणि त्या खोट्याने बाबांना मारलं.

मावशी पदराने डबा पुसत राहिली. मग म्हणाली, "माका ठावक हा गो. तुझ्या बापाशीकय ठावक होता."

मला वाटलं, वयाने गोंधळ झालाय तिचा. पण ती नीट, एकेक करून सांगत गेली. तिची गणपतीची भांडी आमच्या माळ्यावर असायची. नारळी पौर्णिमा झाली की ती घासायला काढायची. त्या वर्षी बाबा माळ्यावर चढले, शिडी तिने धरली होती, आणि गादी सरकवताना पिशव्या त्यांच्या हाताला लागल्या. तोंडाला त्यांचाच टाका होता, न उसवलेला. ते खाली उतरून पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. तिला आधी राग आला होता, सगळ्या चाळीला उल्लू बनवलं म्हणून. त्यांना राग आला नव्हता.

"माका म्हणालो, 'कमळे, चेडवान सगळ्यांका सांगल्यान, बियो घेतल्यानी म्हणान. तिचो शबुद खोटो पडूक नको. कॉलेजान नाय घेतल्यानी, तर मी घेतंय.'" मावशीने डबा बाजूला सारला. "दळून मीच दिलंय गो. माझ्याच मिक्सरात. माका वाटला, उंदरांका लागू पडला, तर माणसाक काय होतला?"

त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं की मला कळू द्यायचं नाही. म्हणून ती दरवर्षी बिया गोळा करत राहिली. डबा थांबवला असता तर मी विचारलं असतं, का थांबवलास. मी तिच्यासाठी डबे नेत होते आणि ती माझ्यासाठी भरत होती. बारा वर्षं आम्ही दोघी एकमेकींच्या समोर उभ्या राहून हे करत होतो. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिच्या हातांना अजून मसाल्याचा वास येतो. दोघी खूप रडलो.

म्हणजे बाबांचा माझ्यावर आंधळा विश्वास नव्हता. त्यांनी मला पकडलं होतं. त्यांना माहीत होतं की माझे उंदीर वेगळ्या बियांवर बरे झालेत, आणि तरीही ते रोज जेवताना समोर बसून मला काही विचारत नव्हते. मला रागावले असते तर? एकदा म्हणाले असते, शुभे, माळ्यावर काय आहे? मी रडले असते, गॅलरीत जाऊन सगळ्यांची माफी मागितली असती आणि आठ दिवसांत चाळ विसरली असती. मला त्यांचा संताप येतो. इतका कसा कोणी एखाद्याचा मान राखावा, की त्यात आपला जीव घालावा? आणि मग त्यांचं ते हसणं आठवतं, हळदीच्या पायाकडे बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंतचं, आणि राग कुठल्या कुठे जातो.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की माझा घसा जांभळांनी धरत नाही. त्याला सगळं सांगायला दोन तास लागले. मग कपाटातून वही काढली. पहिलं पान मी हजारदा वाचलं असेल. 'बिया: आपल्या चाळीच्या.' त्यांनी ते मी सांगितलेलं उतरवून घेतलंय, असं मी समजत होते. ते त्यांनी ठरवून लिहिलं होतं. जे मी खोटं बोलले ते त्यांनी शाईने खरं केलं होतं.

माझ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी बजावते की मेलेला प्राणी वहीतून पुसायचा नाही, त्याची ओळ पुरी करायची, दिवस आणि कारण लिहायचं. या एका वहीची ओळ मी बारा वर्षं पुरी केली नव्हती. मी पट्टी घेतली आणि तेविसाव्या ओळीखाली, त्यांनी आखून ठेवलेल्याच रकान्यात, लिहायला घेतलं. दिवस चोवीस. चूर्ण नाही. पाणी, मोजलं नाही. साखरेच्या रकान्यात हॉस्पिटलच्या पहिल्या कागदावरचा आकडा लिहिला. तो मला अजून पाठ आहे. त्याखाली, ते गेले त्या दिवसापुढे, मृत. हा शब्द लिहायला वेळ लागला.

मग कारणाशी आले. डॉक्टरांनी दाखल्यावर लिहिलेले शब्द मला माहीत होते, ते बरोबरही होते. मी माझ्या मनातला शब्द लिहायला पेन टेकवलं, मुलीचं खोटं, पण 'मुलीचा' इतकंच लिहून झालं आणि हात थांबला. ती वही माझी नव्हती. तिथे त्यांचंच कारण लिहायला हवं होतं.

मी लिहिलं: मुलीचा शब्द राखला.